दोष कुणाचा? — बाजरीच्या कणसापासून शुक्रजंतूपर्यंत

मराठी भाषा शब्दांच्या बाबतीत गरीब नाही, परंतु काही ठिकाणी ती जाणूनबुजून मुकी राहिलेली दिसते. मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी आपल्याकडे ‘वांझ’ आहे, ‘वांझोटी’ आहे. ग्रंथातली भाषा हवी असेल तर ‘वंध्या’ आहे. मूल न होणाऱ्या पुरुषासाठी काय आहे? ‘षंढ’, ‘नामर्द’, ‘नपुंसक’ हे शब्द लगेच ओठावर येतात. पण त्यांचा अर्थ निराळा. ते शरीरसंबंधाच्या असमर्थतेविषयी बोलतात. ‘निपुत्रिक’ आणि ‘निर्वंश’ हे शब्द परिस्थिती सांगतात, कारण सांगत नाहीत. धडधाकट, कष्टाळू, संसारात कशालाच उणा नसलेला, परंतु ज्याच्या बीजात गर्भधारणेचे बळ नाही अशा पुरुषाला नेमका लागू पडेल असा रोजच्या बोलण्यातला शब्द मला तरी सापडलेला नाही. ‘निर्बीज’ म्हणता येईल, पण तो शब्द समाधीसाठी आणि द्राक्षांसाठी राखून ठेवलेला!

ज्याला नाव नाही ते अस्तित्वातच नाही, असे समाज धरून चालतो. म्हणून मूल झाले नाही की सुनेला देवऋषी, सुनेला उपास, सुनेलाच दवाखाना. मी इतिहासाचा अध्यापक आहे, डॉक्टर नव्हे. तरीही गेली काही वर्षे या विषयावर जमेल तेवढे वाचत आलो, कारण तो विज्ञानाइतकाच आपल्या घराघराचाही आहे. त्या वाचनातले जे मला ठामपणे सांगता येईल तेवढेच येथे मांडतो.

सुरुवात इनामगावपासून करू. घोडनदीच्या काठची ही पांढर आपल्या महाविद्यालयातल्या बहुतेकांनी पाहिलेली आहे. निदान तिच्यावरून शेळ्या हाकल्या आहेत. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी येथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव जमिनीतून वर आले. घरे, चुली, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट. आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसे. दफनांमध्ये मोठ्यांपेक्षा लहान मुले अधिक. बाळाला दोन कुंभांत ठेवून कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवायची आणि ते घरातच पुरायचे, अशी रीत होती. मूल होणे आणि झालेले मूल जगणे हा त्या गावापुढचा केवढा मोठा प्रश्न असेल, हे त्या कुंभांकडे पाहिले की सांगावे लागत नाही.

याच गावातील एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी निघाली. तीत कच्च्या मातीची, शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती होती आणि सोबत मातीचा बैल होता. अभ्यासकांनी या शिरोहीन देवीचा संबंध सुफलतेशी जोडला आहे. ते योग्यच असावे. माझ्या मनात मात्र त्या बैलाविषयी एक विचार येतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात सुफलतेसाठी देवी होती आणि तिच्याशेजारी बैलही होता. पुढे आपण नवस देवीला बोललो आणि बैलाला विसरलो.

विसरलो म्हणजे माणसांपुरते विसरलो. गोठ्यात आपण विसरलेलो नाही. गाय दोन-तीनदा उलटली की शिरूर-दौंडकडचा कोणताही शेतकरी वळू बदलतो, किंवा कांडी भरायला आलेल्या डॉक्टरला बेधडक विचारतो, “कांडी चांगली होती ना?” पुणे-दौंड लोहमार्गावर उरुळी कांचन लागते. तेथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. गोठवलेल्या रेताच्या कांड्या तिच्यामुळे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. अशा केंद्रात वळूचे रेत उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जाण्यापूर्वी आणि नंतरही सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शुक्रजंतू किती आहेत, त्यांतले हलतात किती, सरळ पुढे जातात किती, हे मोजल्याखेरीज कांडी बाहेर पडत नाही. वळूला जी परीक्षा आहे ती नवरदेवाला नाही. गाईच्या बाबतीत जो न्याय आपल्याला सहज सुचतो तो सुनेच्या बाबतीत का सुचू नये?

आता शेताकडे वळू. प्रस्तुत विषयाचे मर्म मला डॉक्टरी पुस्तकापेक्षा बाजरीच्या शेतात अधिक स्वच्छ दिसले. आपल्याकडे ‘हायब्रीड’ हा शब्द आला तो साठच्या दशकात. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आणि १९६५ साली एचबी-१ ही संकरित बाजरी प्रसारित झाली. पुढे तो शब्द अळणी भाकरीला आणि ऐकत नसलेल्या पोरालाही लागू झाला, ते सोडून देऊ. संकरित बियाणे तयार करायचे म्हणजे एका वाणाच्या कणसावर दुसऱ्या वाणाचा पराग पडला पाहिजे. पण ज्वारी-बाजरीच्या कणसात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात. ते आपल्याच परागाने फळून बसेल त्याचे काय? शेतभर हिंडून प्रत्येक इवल्याशा फुलातले परागकोश चिमट्याने काढणे अशक्यच.

उपाय निसर्गाने आधीच करून ठेवलेला होता. अशी काही झाडे सापडली, की जी उंच, हिरवीगार, निरोगी, कणीस भरदार, मादी अवयव उत्तम, परंतु परागकोश वाळके आणि परागाशिवाय. बाजरीतला असा वाण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथून ‘टिफ्ट २३ ए’ या नावाने आला आणि एचबी-१ ची मादी तोच वाण होता. बीजोत्पादनाचा प्लॉट ज्यांनी केला आहे त्यांना मादीच्या चार ओळी आणि नराच्या दोन ओळी हा हिशेब पाठ असतो. मादीच्या ओळी म्हणजे हीच नरवंध्य झाडे.

ही नरवंध्यता कोठून येते? झाडाच्या मुख्य गुणसूत्रांतून नव्हे. ती येते पेशीतल्या तंतुकणिकांतून, ज्यांना इंग्रजी पुस्तकांत मायटोकाँड्रिया म्हणतात. आणि ती फक्त मादीकडून येते. नरवंध्य झाडावर कोणत्याही नराचा पराग टाका, तंतुकणिका मादीच्याच उतरतात. मग असे संकरित बियाणे शेतकऱ्याच्या शेतात फळते कसे? कारण नर वाण असा निवडलेला असतो की त्याच्या गुणसूत्रांत तंतुकणिकांचा हा दोष झाकणारे, पराग पूर्ववत करणारे जनुक असते. दोष तंतुकणिकेत, तोड गुणसूत्रात. ही रस्सीखेच ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

तंतुकणिका म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत, तांबड्या रक्तपेशींसारखे अपवाद वगळता, या सूक्ष्म कणिका शेकड्यांनी असतात. खाल्लेल्या अन्नाचा प्राणवायूशी संयोग घडवून त्यातून शक्ती काढण्याचे काम त्या करतात. फार पुरातन काळी त्या स्वतंत्र जीवाणू होत्या आणि एका मोठ्या पेशीच्या पोटात शिरून कायमच्या राहिल्या, असे मत लिन मार्ग्युलिस या विदुषीने १९६७ साली मांडले. तेव्हा ते विक्षिप्त ठरले. आज ते सर्वमान्य आहे. भाडेकरू म्हणून आलेल्या या कणिकांनी आपली स्वतःची छोटी पोथी मात्र सोडली नाही. माणसाच्या तंतुकणिकेत १६,५६९ अक्षरांची एक वर्तुळाकार डीएनए-साखळी असते आणि तीत अवघी ३७ जनुके असतात. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली ती पहिल्यांदा संपूर्ण वाचली. मुख्य पोथी पेशीच्या केंद्रकात असते, तिच्यात सुमारे २० हजार प्रथिनांची जनुके. तंतुकणिका चालायला दोन्ही पोथ्या लागतात.

केंद्रकातली पोथी आई आणि बाप यांच्याकडून निम्मी-निम्मी येते. तंतुकणिकेची पोथी फक्त आईकडून येते. स्त्रीबीजात या साखळीच्या लाखाहून अधिक प्रती असतात. शुक्रजंतूच्या मानेशी, डोके आणि शेपूट यांच्या मध्ये, पन्नास-पाऊणशे तंतुकणिका स्क्रूच्या आट्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात. गर्भधारणेच्या वेळी त्या बीजात शिरतात खऱ्या, पण टिकत नाहीत. शुक्रजंतूच्या तंतुकणिकांवर आधीच नाशाची खूण केलेली असते आणि बीजाची पेशी ती खूण पाहून त्यांचा फडशा पाडते, हे १९९९ साली सस्तन प्राण्यांत दाखवून देण्यात आले. अपवाद नाही असे नाही. डेन्मार्कमधील एका पुरुषाच्या स्नायूंत बापाच्या तंतुकणिका आढळल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. पण अपवाद तो अपवाद.

भाट आणि हेळवी यांच्या चोपड्यांत आपल्या वंशावळी लिहिलेल्या असतात. बाप, आजा, पणजा, खापरपणजा, सगळे पुरुष. तंतुकणिका मात्र आई, आजी, पणजी अशी दुसरीच वंशावळ वागवीत आल्या आहेत आणि ती कोणत्याही चोपडीत नाही. मुलाला आईकडून तंतुकणिका मिळतात, त्यांच्यावर तो जन्मभर जगतो, नांगर धरतो, कुस्ती खेळतो. आणि त्याच्यापाशी ती शाखा खुंटते. पुढे चालू राहते ती त्याच्या बहिणीकडून.

येथे एक अवघड पण महत्त्वाचा मुद्दा येतो. निसर्गाची निवड वाईट बदलांना चाळून टाकते असे आपण म्हणतो. ती चाळणी कशी चालते? ज्याला बदल बाधतो त्याची संतती कमी होते आणि तो बदल मागे पडतो. आता समजा, तंतुकणिकेच्या पोथीत असा एखादा अक्षरबदल झाला की जो स्त्रीला मुळीच बाधत नाही, पण पुरुषाच्या बीजाला बाधतो. स्त्रिया निरोगी राहणार, मुलींना जन्म देणार, बदल पुढे जाणार. पुरुषांचे नुकसान झाले तरी चाळणीला ते दिसणार नाही, कारण पुरुष तंतुकणिका पुढे देतच नाही. चाळणीला एका बाजूने भोकच आहे म्हणा ना! फळमाश्यांवरील प्रयोगांत याला पुष्टी मिळाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या तंतुकणिका एकाच प्रकारच्या केंद्रकाशी जोडून पाहिल्या. मादीत फारसा फरक पडला नाही. नरात मात्र जनुकांच्या कामकाजात मोठे फरक दिसले आणि त्यांतले पुष्कळसे प्रजनन अवयवांशी निगडित होते.

माणसातले उदाहरण कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे आहे. फ्रान्सहून तेथे आलेल्या आणि १६६९ साली विवाह झालेल्या एका स्त्रीच्या तंतुकणिकेत दृष्टी घालवणाऱ्या एका रोगाचा अक्षरबदल होता. तो रोग पुरुषांनाच अधिक होतो. जुन्या चर्चच्या नोंदींवरून तिच्या लेकीसुनांच्या नव्हे, तर लेकींच्या लेकींच्या वंशाचा माग काढून २०१७ साली संशोधकांनी दाखवले की हा बदल वागवणाऱ्या पुरुषांचे नुकसान होत असूनही तो समाजातून नाहीसा झाला नाही. हे उदाहरण वंध्यत्वाचे नाही, हे मुद्दाम सांगतो; पण चाळणीचे भोक त्यात स्पष्ट दिसते.

या कल्पनेला २००४ साली काही शास्त्रज्ञांनी ‘आईचा शाप’ असे इंग्रजीत नाव दिले. विज्ञान बरोबर असेल, पण नाव मला मुळीच पसंत नाही. शाप द्यायला हेतू लागतो. आईने दिली ती जगण्याची शक्ती. तिच्यातले एखादे अक्षर तिला स्वतःला कधी बाधलेच नाही, म्हणून तिला कळलेही नाही. आणि आपल्याकडे हे नाव रूढ झाले तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. आजवर सून वांझ होती, उद्या सासू शापित ठरेल. पुरुष पुन्हा कोरडाच.

मग पुरुषाच्या बीजात तंतुकणिकेचा दोष खरोखर सापडतो का? सापडतो, परंतु त्याचे प्रमाण आणि महत्त्व याविषयी जपून बोलले पाहिजे. शुक्रजंतूला पोहायचे असते; शेपटीला शक्ती लागते. गती मंद असलेल्या शुक्रजंतूंत तंतुकणिकांच्या साखळीचे मोठे तुकडे गळालेले आढळल्याचे १९९० नंतरच्या दशकात तैवानमधून प्रसिद्ध झाले. २००६ साली जपानी शास्त्रज्ञांनी असा तुकडा गळालेल्या तंतुकणिका उंदरांत घातल्या, तेव्हा ते नर वंध्य झाले. आपल्या देशात या विषयाचे नाव घ्यायचे तर हैदराबादचे घ्यावे लागते. तेथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, डॉ. लालजी सिंग आणि डॉ. के. थंगराज यांच्या गटाने २००३ साली शुक्रजंतूंतील तंतुकणिकांची उत्परिवर्तने हे मंद गतीचे एक कारण असल्याचे मांडले. याच केंद्राने पुढे वाय गुणसूत्राचे तुकडे गळणे, आणि अलीकडे २०२३ साली टेक्स-१३-बी हे जनुक, यांचाही पुरुष-वंध्यत्वाशी असलेला संबंध दाखवला. हे शेवटचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाला एक्स गुणसूत्र मिळते ते आईकडूनच!

तंतुकणिकांच्या दोषाची एक खोच अशी की तो सर्व कणिकांत एकसारखा नसतो. बियाण्याच्या पोत्यात दहा टक्के दाणे पोचट असले तर पेरणी खपून जाते. निम्म्याहून अधिक पोचट निघाले की रान उघडे पडते. पेशीतही तसेच, सदोष कणिकांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की मगच दोष उघड होतो. शिवाय पोत्यातून पुढच्या वर्षासाठी मूठभरच बी काढले तर त्या मुठीत पोचट दाणे किती येतील हा नशिबाचा भाग. आईच्या शरीरात बीजे तयार होताना तंतुकणिकांची अशीच एक मूठ भरली जाते. म्हणून सख्ख्या भावांत एकाला चार मुले आणि दुसऱ्याला एकही नाही, असे घडू शकते. काही दोष तर आईकडून आलेलेच नसतात. पुरुषाच्या स्वतःच्या शरीरात, शुक्रजंतू तयार होताना निर्माण होतात. तंतुकणिका ही पेशीची चूल आहे आणि पोथी चुलीशेजारीच ठेवलेली. ठिणगी उडायला कितीसा वेळ?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शुक्रजंतूची सारी शक्ती तंतुकणिकांतूनच येते असे नाही. शेपटीत साखर फोडून शक्ती मिळवण्याची एक वेगळी सोय असते. २००४ साली उंदरांत ही सोय बंद पाडून पाहिली, तर तंतुकणिका ठीक असूनही नर वंध्य झाले. काही देशांत ठरावीक मातृवंशाच्या पुरुषांत मंद गती जास्त आढळली म्हणून गाजावाजा झाला. इतर ठिकाणी तपासले तर ते टिकले नाही. आणि बाजरीत पाहिले तसे माणसातही असू शकते: तंतुकणिकेतल्या दोषाला केंद्रकातले एखादे जनुक सांभाळून घेत असेल. तेव्हा ‘तुमच्या तंतुकणिका खराब आहेत’ असे सांगून कोणी महागडी पुडी विकू लागला तर आधी हात आखडता घ्यावा. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुषांना जस्त आणि फॉलिक आम्ल सहा महिने दिले. मुले होण्याचे प्रमाण वाढले नाही. तरी त्या गोळ्या खपतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितल्याप्रमाणे जगात साधारण सहांतील एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. त्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांत नेहमीच्या तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. गालगुंडानंतरची अंडकोशाची सूज, शिरांचा फुगवटा, नळी बंद असणे, वाय गुणसूत्राचा तुकडा गळणे ही कारणे सापडणारी. उरतो तो ‘कारण अज्ञात’ हा मोठा ढीग, आणि तंतुकणिकांचा शोध या ढिगात चाललेला आहे.

या ढिगातल्या एका घरी मला बोलावणे आले होते. गाव सांगत नाही. लग्नाला सहा वर्षे झालेली. सुनेचे दोनदा ‘क्युरेटिंग’ झाले होते, दुर्बिणीची तपासणी झाली होती, दोन ठिकाणचे अंगारे झाले होते. नवरा तालमीतला गडी, उसाच्या दोन मोळ्या एकदम उचलणारा. मी त्याच्या तपासणीचे विचारले तेव्हा त्याची आई म्हणाली, “सर, आमच्या घराण्यात असलं कधी न्हवतं. चार दीर, चारी भरलेली घरं.” मी म्हटले, “आक्का, घराणं दिरांचं धरू नका, या बाबतीत तुमच्या माहेरचंही धरावं लागतं.” ती हसली, पण तिला ते आवडले नाही. मुलगा मात्र आठवड्याने शिरूरला जाऊन आला. शुक्रजंतूंची संख्या पुरेशी होती. पुढे सरकणारे फारच थोडे. कारण शेवटपर्यंत कळले नाही. कळली ती एकच गोष्ट, की सहा वर्षे जिच्यावर उपचार झाले तिच्यात काही दोष नव्हता.

ही तपासणी साऱ्या तपासण्यांत सोपी आणि स्वस्त आहे. भूल नाही, सुई नाही, काप नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. घरून आणायचा तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. एका अहवालावर निकाल लावू नये, दोष दिसला तर पुन्हा तपासावे. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वीचा कडक तापही अहवालात दिसू शकतो आणि तंबाखू सोडल्याचा फायदाही लगेच दिसत नाही. तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांनी एक विशेष ध्यानात घ्यावे. दंड फुगवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शरीराला ‘पुरे झाले’ असा निरोप देतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती थंडावते. बाहेरून नर, आतून नरवंध्य ओळ!

शेतीच्या औषधांविषयीही एक शब्द. कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात सूत्रकृमींवरचे डीबीसीपी नावाचे औषध तयार करणाऱ्या कामगारांच्या १९७७ साली लक्षात आले, की आपल्यापैकी कुणालाच मुले होत नाहीत. तपासणीत अनेकांचे शुक्रजंतू फार कमी किंवा शून्य निघाले. ते कामगार जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी मोकळेपणी बोलले म्हणून ते उघडकीस आले. आपल्याकडे पारावर सगळे बोलणे होते, एवढेच होत नाही.

दोष सापडल्यावर मार्ग नाहीत असे नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ऑगस्ट १९८६ मध्ये हर्षा या परीक्षानळीतल्या बालिकेचा जन्म झाला. पुढे १९९२ साली ब्रुसेल्स येथून नवी रीत जाहीर झाली: एकच शुक्रजंतू अतिसूक्ष्म सुईने थेट बीजात सोडायचा. ज्याला पोहता येत नाही त्याला होडीतून पलीकडे नेण्यासारखे हे आहे. खर्च मोठा, यशाची खात्री नाही, आणि २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली असली तरी जाहिरातींना भुलण्याचा धोका आहेच.

ही रीत ऐकल्यावर बहुतेक पुरुष एक प्रश्न विचारतात: “माझा दोष पोराला लागेल का?” उत्तर दोष कोठे आहे त्यावर अवलंबून आहे. तो वाय गुणसूत्रात असेल तर मुलीला लागणार नाही, मुलाला मात्र लागेल, आणि बापाला जे सोसावे लागले ते तोही सोसेल. एक्स गुणसूत्रावर असेल तर तो मुलीकडे जाईल आणि तिच्या मुलांत दिसू शकेल. दोष तंतुकणिकांच्या पोथीत असेल तर शुक्रजंतूबरोबर बीजात शिरलेल्या त्या कणिका काही दिवसांत नाहीशा होतात, आणि बाळ, मग तो मुलगा असो की मुलगी, वाढते ते आपल्या आईच्या तंतुकणिकांवर. म्हणजे ज्या सुनेला सहा वर्षे वांझ म्हटले, तिच्याच.